गिटहबची रोजची कटकट पॉवरशेलवर सोपवायची कशी: आधी वाचणारी स्क्रिप्ट, मग लिहिणारी

गिटहब म्हणजे कोड ठेवायची आणि मिळून त्यावर काम करायची साइट, रेपो म्हणजे तिथली एका प्रकल्पाची जागा, आणि इश्यू म्हणजे तिथे नोंदवलेली चूक किंवा काम. एकच रेपो असेल तोवर गिटहबचं वेबपान पुरतं. क्लिक केलं, लेबल लावलं, इश्यू बंद केला, झालं. पण आमच्या इंदूरच्या मराठी मंडळाच्या कोडचं काम बघणाऱ्यांकडे आता वेबसाइटची रेपो वेगळी, वाचनालयाच्या कॅटलॉगची वेगळी, नाटकाच्या बुकिंगची वेगळी, गणेशोत्सवातल्या स्पर्धांच्या फॉर्मची आणखी वेगळी, आणि त्यात दर वर्षी एसजीएसआयटीएस नाहीतर आयईटी या इंजिनिअरिंग कॉलेजांची नवी पोरं येतात, जुनी प्लेसमेंट लागून पुण्याला नाहीतर बंगलोरला निघून जातात आणि त्यांचा अ‍ॅक्सेस तसाच राहतो. कोणत्या रेपोत काय अडलंय, कुणाच्या नावावर किती इश्यू पडलेत, कोण अजून आत आहे, हे सगळं हाताने बघायचं म्हटलं तर रविवार त्यातच जातो. हे काम स्क्रिप्टचं आहे, माणसाचं नाही.

पॉवरशेल म्हणजे कमांड लिहून कामं करून घ्यायची मायक्रोसॉफ्टची सोय. तिच्यात यासाठी पॉवरशेलफॉरगिटहब नावाचं मॉड्यूल, म्हणजे तयार कमांडांचा संच आहे, मायक्रोसॉफ्टचं, ओपन सोर्स, फुकट. (गिटहबच मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये साडेसात अब्ज डॉलरला घेतलं, म्हणजे घरचंच प्रकरण.) गिटहबची स्वतःची जीएच नावाची कमांड लाइनही आहे आणि ती उत्तम आहे, एखादी पुल रिक्वेस्ट (कोडातला बदल घ्या अशी विनंती) पटकन उघडायची असेल तर मी तीच वापरतो. पण दहा रेपोंमधून माहिती गोळा करून, गाळून, जोडून एक्सेलला द्यायची असेल तर पॉवरशेलचा हात कुणी धरत नाही, कारण तिथे कमांडमधून नुसता मजकूर बाहेर पडत नाही, ऑब्जेक्ट पडतात. वर्गणीच्या वहीत नाव, रक्कम, पावती नंबर वेगवेगळ्या रकान्यांत असतात तसं. मजकूर कापत बसायला नको, रकान्याचं नाव घेतलं की काम झालं.

एक सांगून ठेवतो: इथे कमांडची नावं देवनागरीत लिहिली आहेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं. स्पेलिंगची काळजी नको, पॉवरशेलमध्ये सगळ्या कमांडा क्रियापद-नाम अशा जोडीत असतात, अर्धं लिहून टॅब दाबलं की बाकीचं तोच लिहितो, आणि कंट्रोल स्पेस दाबलं की अख्खी यादीच समोर येते.

बसवून घेणे

विंडोजमध्ये पॉवरशेल ५.१ आधीपासून असतं, मॉड्यूल त्यावरही चालतं. पण ७ घ्या. का, ते मराठी अक्षरांचा विषय आला की कळेल. २०१६ मध्ये पॉवरशेल ओपन सोर्स झालं तेव्हापासून ते लिनक्स आणि मॅकवरही चालतं, त्यामुळे टीममध्ये कुणाकडे उबुंटू असेल तरी हरकत नाही. विंडोजवर:

विनगेट इन्स्टॉल मायक्रोसॉफ्ट.पॉवरशेल

मग नवीन विंडो उघडून:

इन्स्टॉल-मॉड्यूल -नेम पॉवरशेलफॉरगिटहब -स्कोप करंटयूजर

स्कोप करंटयूजर दिलं की अ‍ॅडमिन हक्क लागत नाहीत, ऑफिसच्या लॅपटॉपवर हे बरं पडतं. मॉड्यूल जिथून उतरतं त्या गॅलरीवर भरवसा ठेवायचा का असं विचारेल, हो म्हणा. स्क्रिप्ट फाइल चालवताना लाल अक्षरात एक्झिक्यूशन पॉलिसीची तक्रार आली तर:

सेट-एक्झिक्यूशनपॉलिसी -स्कोप करंटयूजर रिमोटसाइन्ड

एवढं पुरे. नेटवर बरेच जण अनरिस्ट्रिक्टेड करा सांगतात, त्याची गरज नाही.

आता गेट-कमांड -मॉड्यूल पॉवरशेलफॉरगिटहब चालवा आणि यादी नुसती डोळ्याखालून घाला. गेटने सुरू होणाऱ्या वाचतात. न्यू, सेट, अ‍ॅड, रिमूव्ह, इनिशियलाइझ वगैरे लिहितात, बदलतात, उडवतात. कमांड वाचते का लिहिते हे तिच्या पहिल्या शब्दावरूनच कळतं, आणि पुढची सगळी शिस्त या एका गोष्टीवर उभी आहे.

टोकन: एक नाही, दोन

गिटहबच्या एपीआयला (स्क्रिप्ट गिटहबशी जिथून बोलते तो दरवाजा) पासवर्ड चालायचे ते नोव्हेंबर २०२० मध्ये बंद झाले, गिट पुशला चालायचे ते ऑगस्ट २०२१ मध्ये. आता टोकन लागतं, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी लांबलचक किल्ली. सेटिंग्जमध्ये सगळ्यात खाली डेव्हलपर सेटिंग्ज, तिथे पर्सनल अ‍ॅक्सेस टोकन्स. दोन जातीची मिळतात. क्लासिकमध्ये रेपो नावाच्या खणात टिक केलं की तुम्हाला जिथे जिथे हात घालता येतो त्या सगळ्या रेपोंवर टोकनलाही हात घालता येतो, खाजगी असो की सार्वजनिक. फाइन-ग्रेन्डमध्ये कुठल्या रेपो, त्यातलं काय, नुसतं वाचायचं की लिहायचंही, हे एकेक निवडता येतं. नवीन सुरुवात करणाऱ्यांनी फाइन-ग्रेन्डच घ्यावं. एक लक्षात ठेवा की ते एकाच मालकाचं असतं, म्हणजे स्वतःच्या खात्यासाठी एक आणि मंडळाच्या ऑर्गनायझेशनसाठी (सामाईक खात्यासाठी) वेगळं, आणि ऑर्गनायझेशनचं असेल तर तिथल्या ओनरची मंजुरीही लागू शकते, टोकन बनवून लगेच चालत नाही म्हणून घाबरू नका.

माझं ठाम मत: पहिल्याच दिवशी दोन टोकनं करा. पहिलं फक्त वाचणारं, त्यात मेटाडेटा, इश्यू, पुल रिक्वेस्ट सगळं रीड-ओन्ली. दुसरं लिहिणारं, तेही ज्या दोन-चार रेपोंवर खरंच लिहायचंय तेवढ्यापुरतं आणि मुदत छोटी. नव्वद टक्के वेळ पहिल्यावरच काम भागतं. स्क्रिप्टमध्ये चुकून रिमूव्ह राहिलं किंवा रेपोचं नाव भलतंच पडलं तर वाचणाऱ्या टोकनला गिटहब सरळ नकार देतो, आणि हा नकार तुमच्या कुठल्याही इफ-एल्सपेक्षा पक्का असतो. आणि क्लासिकमधला डिलीटचा खण? तो कुठल्याच टोकनला देऊ नका. रेपो उडवायची वेळ वर्षातून एकदा येते, ती वेबपानावर जाऊन हाताने उडवा.

टोकन पडद्यावर एकदाच दिसतं. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवून ठेवणं, डेस्कटॉपवर टेक्स्ट फाइल करणं, स्क्रिप्टमध्येच चिकटवणं, हे तिन्ही नको. सार्वजनिक रेपोत टोकन पुश झालेलं गिटहबला सापडलं तर तो स्वतःच ते रद्द करतो, पण खाजगी रेपोत ती सोय आहे असं धरून चालू नका.

लॉगिन आणि दोन-तीन सेटिंग

सेट-गिटहबऑथेंटिकेशन एवढंच लिहा. यूजरनेम आणि पासवर्ड विचारेल. यूजरनेममध्ये काहीही टाका, ते बघितलं जात नाही, रिकामं मात्र सोडू नका. पासवर्डच्या जागी टोकन. विंडोजवर ते एन्क्रिप्ट होऊन डिस्कवर राहतं, आणि ज्या यूजरने ठेवलं त्यालाच, त्याच मशीनवर वाचता येतं. लिनक्स आणि मॅकवर असं एन्क्रिप्शन नसतं, तिथे किंवा दुसऱ्याच्या मशीनवर बसला असाल तर मागे -सेशनओन्ली लावा, विंडो बंद झाली की टोकन गेलं.

दोन टोकनांची सोय अशी ठेवा की वाचणारं डिस्कवर कायम सेव्ह, आणि लिहिणारं फक्त लिहिणाऱ्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत सेशनओन्लीने. लिहिणारं टोकन ठेवायला मायक्रोसॉफ्टचंच सीक्रेटमॅनेजमेंट मॉड्यूल आणि त्याच्या जोडीला सीक्रेटस्टोअर मिळतं, गेट-सीक्रेटने काढायचं, क्रेडेन्शियल बनवायचं आणि सेट-गिटहबऑथेंटिकेशन -क्रेडेन्शियल ला द्यायचं. म्हणजे फाइलमध्ये टोकन कुठेच नाही, फाइल कुणालाही पाठवली तरी चालते.

मग सेट-गिटहबकॉन्फिगरेशन. यात -डिफॉल्टओनरनेम दिलं की दर वेळी ऑर्गनायझेशनचं नाव लिहावं लागत नाही. डिफॉल्टरिपॉझिटरीनेमही आहे, पण ते मी मुद्दाम ठेवत नाही. नाव लिहायचं विसरलो आणि कमांड डिफॉल्ट रेपोवर जाऊन चालली, असं लिहिणाऱ्या कमांडांच्या बाबतीत अजिबात नको. मॉड्यूल वापराची माहिती मायक्रोसॉफ्टला पाठवतं, नको असेल तर -डिसेबलटेलिमेट्री. आणि प्रत्येक कमांडची नोंद लॉग फाइलमध्ये होते, ती कुठे जाते हे गेट-गिटहबकॉन्फिगरेशन -नेम लॉगपाथ ने बघून ठेवा, काही बिघडलं की तीच उपयोगी पडते. ऑफिसात गिटहब एंटरप्राइझ असेल तर -एपीआयहोस्टनेम मध्ये तिथलं नाव टाकायचं, बाकी सगळं सारखंच.

वाचायला सुरुवात

गेट-गिटहबरिपॉझिटरी -ऑर्गनायझेशननेम आमचंमंडळ

रेपोंची यादी येईल. आता रकान्यांची गंमत. पाइप (एका कमांडचं उत्तर पुढच्या कमांडला देणारी | ही उभी रेघ) टाकून सिलेक्ट-ऑब्जेक्ट नेम, प्रायव्हेट, आर्काइव्ह्ड, पुश्ड_अ‍ॅट केलं की सुटसुटीत तक्ता. व्हेअर-ऑब्जेक्टने पुश्ड_अ‍ॅट वर्षाहून जुनी गाळली की मेलेल्या रेपो समोर. तारखांची तुलना करताना दोन्ही बाजू टूयूनिव्हर्सलटाइम करून घ्या, गिटहब यूटीसीत म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत बोलतो आणि आपण साडेपाच तास पुढे, वर्षाच्या हिशेबात फरक पडत नाही पण 'आज' आणि 'काल' च्या हिशेबात पडतो.

यातला ओपन_इश्यूज_काउंट हा रकाना फसवा आहे. गिटहबच्या आतल्या रचनेत प्रत्येक पुल रिक्वेस्ट ही इश्यूसुद्धा असते, त्यामुळे हा आकडा दोन्ही मिळून असतो. कमिटीच्या मीटिंगमध्ये 'एवढे इश्यू बाकी' असं सांगायचं असेल तर तो आकडा उचलू नका. त्याऐवजी:

गेट-गिटहबइश्यू -ओनरनेम आमचंमंडळ -रिपॉझिटरीनेम कॅटलॉग -स्टेट ओपन -इग्नोअरपुलरिक्वेस्ट्स

पाइपलाइनची खरी ताकद म्हणजे रेपोंची यादी थेट इश्यूच्या कमांडला पाइप करता येते. गेट-गिटहबरिपॉझिटरी पाइप गेट-गिटहबइश्यू, की सगळ्या रेपोंचे इश्यू एका रांगेत, मध्ये फॉर-ईच लिहायचीही गरज नाही. पुढे ग्रुप-ऑब्जेक्टने असाइनीच्या, म्हणजे इश्यू ज्याच्याकडे सोपवलाय त्याच्या लॉगिनप्रमाणे गट पाडले की कुणाच्या डोक्यावर किती ते उघडं पडतं, आणि मग पोरं म्हणतात 'अरे भिया, हा तर माझा नव्हताच', तो भाग वेगळा. एपीआय एका पानात मुळात ३० नोंदी देतो, फार तर १००, पण पुढची पानं मागून आणायचं काम मॉड्यूल स्वतः करतं.

आता एक्सेल. कमिटीतल्या काकांना पॉवरशेल दाखवून उपयोग नाही, त्यांना एक्सेलच पाहिजे. एक्सपोर्ट-सीएसव्ही (सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामाने रकाने पाडलेली साधी फाइल) वापरतो आपण, पण आमचे इश्यू मराठीत असतात, 'शोध केल्यावर लेखकाचं नाव दिसत नाही' अशा शीर्षकांचे, आणि ती एक्सेलमध्ये उघडली की भलतीच चिन्हं दिसतात. कारण पॉवरशेल ७ यूटीएफ-८ लिहितो पण सुरुवातीची खूण, जिला बीओएम म्हणतात, ती लावत नाही, आणि ती नसली की एक्सेल भलतंच एन्कोडिंग धरतो. उपाय: -एन्कोडिंग यूटीएफ८बीओएम. ५.१ वर नुसतं यूटीएफ८ लिहिलं तरी बीओएम लागतो.

उलटा प्रकार ५.१ मध्येच होतो. स्क्रिप्ट फाइलमध्ये मराठी वाक्य असेल, म्हणजे कॉमेंटचा मजकूर वगैरे, आणि फाइल बीओएमशिवाय सेव्ह केली असेल तर ५.१ ती जुन्या एन्कोडिंगने वाचतो आणि गिटहबवर कचरा पोस्ट होतो. ७ मध्ये हा त्रास नाही, म्हणूनच वर ७ घ्या म्हटलं. काळ्या विंडोत जोडाक्षरं तुटलेली दिसली तरी डोकं धरू नका, फाइलमध्ये आणि गिटहबवर बरोबर आहेत का तेवढं बघा.

या टप्प्यावर आठवडा-दोन आठवडे थांबा. रोज सकाळी वाचणारी स्क्रिप्ट चालवा, आकडे वेबपानाशी ताडून बघा. आकडे जुळत नसतील तर गाळणी चुकतेय, आणि चुकीच्या गाळणीवर लिहिणारी कमांड लावली तर भलतेच इश्यू बंद होतील.

लिहायला सुरुवात: लेबलं

लेबलांपासून सुरू करणं सगळ्यात बरं, नुकसान कमी. एक नवीन लेबल:

न्यू-गिटहबलेबल -रिपॉझिटरीनेम कॅटलॉग -लेबल 'मजकूर' -कलर ५३१९ई७

रंग सहा अक्षरी कोडने, पुढे हॅश न लावता. प्रत्येक लिहिणाऱ्या कमांडला आधी मागे -व्हॉटइफ लावा, मग ती काही न करता 'मी हे करणार होतो' एवढंच सांगते. वाचून पटलं की व्हॉटइफ काढून पुन्हा चालवा. सवय करून घ्या.

इनिशियलाइझ-गिटहबलेबल ही कमांड मात्र जपून. सगळ्या रेपोंमध्ये एकसारखी लेबलं पाहिजेत तर हीच कामाची, तिला नाव-रंग-वर्णनाची यादी द्यायची. पण ती नुसती भर घालत नाही, रेपो त्या यादीसारखी करते, म्हणजे यादीत नसलेली लेबलं काढूनही टाकते, आणि लेबल गेलं की ते ज्या ज्या इश्यूला लागलं होतं तिथूनही गेलं. आधी गेट-गिटहबलेबलने असलेली सगळी लेबलं फाइलमध्ये उतरवून घ्या, कुठल्या इश्यूला कुठलं होतं तेही, आणि मगच. नवीन रिकाम्या रेपोला बिनधास्त वापरा.

सीएसव्हीतून इश्यू टाकणे

वाचनालयाचं उदाहरण घेऊ. पुस्तकांची नोंद तपासणाऱ्या ताई एक्सेलमध्ये चुका लिहून देतात: कुठल्या पुस्तकाचं वर्ष चुकलं, कुठे लेखकाचं नाव दोन प्रकारे पडलं. त्या प्रत्येक ओळीचा एक इश्यू करायचाय. एक्सेलमधून सेव्ह करताना सीएसव्ही यूटीएफ-८ हा प्रकार निवडायचा, साधा सीएसव्ही नाही. मग इम्पोर्ट-सीएसव्ही पाइप फॉरईच-ऑब्जेक्ट, आत न्यू-गिटहबइश्यू -टायटल, -बॉडी, -लेबल. तीन ओळींचं काम.

पण त्या तीन ओळी दुसऱ्यांदा चालवल्या तर? नेट मध्येच गेलं, अर्धे इश्यू पडले, अर्धे राहिले, पुन्हा चालवलं की पहिले अर्धे डबल. म्हणून स्क्रिप्टला आधी विचारायला लावा की हा इश्यू आहे का. सुरुवातीला गेट-गिटहबइश्यू -स्टेट ऑल ने सगळे इश्यू, उघडे आणि बंद दोन्ही, एकदाच आणून ठेवा आणि नसेल तरच टाका. आहे का ते शीर्षकावरून ठरवू नका. मराठीत 'ऱ' एकाच अक्षराने टाइप होतो किंवा र आणि खाली नुक्ता असाही होतो, 'दुसऱ्या' मधला अर्धा र तर काही कीबोर्डवर न दिसणारा जॉइनर टाकून काढतात. दिसायला सारखं, आतून वेगळं. त्यापेक्षा एक्सेलमध्येच प्रत्येक ओळीला नंबर द्या, 'वाच-०४२' असा, तो शीर्षकाच्या सुरुवातीला लावा आणि तुलना फक्त त्या नंबरची करा. ताईंनी नंतर शीर्षकातलं शुद्धलेखन सुधारलं तरी काही बिघडत नाही.

दुसरी गोष्ट वेगाची. टोकनने तासाला ५००० विनंत्या चालतात, विनाटोकन फक्त ६०. किती उरल्या ते गेट-गिटहबरेटलिमिट सांगतं. ५००० ऐकून निवांत होऊ नका, नवीन काही तयार करणाऱ्या विनंत्यांना वेगळी मर्यादा आहे, साधारण मिनिटाला ८० आणि तासाला ५००. शिवाय प्रत्येक इश्यूमागे रेपो वॉच करणाऱ्या सगळ्यांना ईमेल जातो! तेव्हा प्रत्येक इश्यूनंतर स्टार्ट-स्लीप -सेकंड्स ८ टाका, म्हणजे तासाला साडेचारशे, मर्यादेच्या आत. वेळ लागतो, लागू द्या, चहा घेऊन या. आणि त्याआधी ग्रुपवर एक मेसेज टाका की आज मेलचा पाऊस पडणार आहे.

पहिल्यांदा चालवताना सिलेक्ट-ऑब्जेक्ट -फर्स्ट ३ लावून तीनच ओळी पाठवा, तेही वेगळ्या प्रायव्हेट चाचणी रेपोत. न्यू-गिटहबरिपॉझिटरी -प्रायव्हेट ने अशी रेपो मिनिटात होते.

पडून राहिलेले इश्यू

सहा महिने कुणी हात न लावलेले इश्यू स्क्रिप्टने बंद करावेत का? माझं मत, थेट कधीच नाही. ज्याने कळकळीने चूक कळवली त्याला मशीनने दार लावलं की तो पुन्हा कळवत नाही. दोन टप्प्यांत करा. पहिल्या टप्प्यात अपडेटेड_अ‍ॅट जुना असलेल्या इश्यूवर न्यू-गिटहबइश्यूकॉमेंटने साधं माणसासारखं वाक्य, 'ही अडचण अजून येते का? दोन आठवड्यांत कळवा', आणि अ‍ॅड-गिटहबइश्यूलेबलने 'विचारलंय' लेबल.

इथे एक गुंता आहे. तुमच्या त्या कॉमेंटनेच अपडेटेड_अ‍ॅट आजचा होतो. म्हणजे दुसऱ्या टप्प्यात त्याच रकान्यावर सहा महिन्यांची गाळणी लावली तर काहीच सापडणार नाही. दुसरा टप्पा लेबलावरून शोधा: 'विचारलंय' असलेले इश्यू घ्या, गेट-गिटहबइश्यूकॉमेंटने शेवटची कॉमेंट बघा. ती स्क्रिप्टचीच असेल आणि चौदा दिवस उलटले असतील तर सेट-गिटहबइश्यू -स्टेट क्लोज्ड. माणसाची असेल तर रिमूव्ह-गिटहबइश्यूलेबलने लेबल काढा आणि इश्यू चालू ठेवा. स्क्रिप्ट तुमच्याच खात्याने चालत असेल तर कॉमेंट तुमची की स्क्रिप्टची हे लॉगिनवरून कळणार नाही, म्हणून स्क्रिप्टच्या प्रत्येक कॉमेंटच्या शेवटी एचटीएमएल कॉमेंटमध्ये एक खूण टाका, वाचणाऱ्याला दिसत नाही, स्क्रिप्टला सापडते.

कोण अजून आत आहे

जून-जुलैत नवी पोरं आली की हे हमखास करा. गेट-गिटहबरिपॉझिटरीकोलॅबोरेटर प्रत्येक रेपोवर चालवून लॉगिन आणि परमिशन्स काढा, एका बाजूला आपली चालू सभासदांची सीएसव्ही ठेवा, कंपेअर-ऑब्जेक्टने फरक काढा. जे गिटहबवर आहेत पण यादीत नाहीत ते गेलेले. त्यांना काढण्याआधी फोन करा, कुणी पुण्यातूनही काम करत असतो आणि यादी अपडेट करायची राहिलेली असते.

काढायचं कसं? मॉड्यूलमध्ये प्रत्येक गोष्टीला तयार कमांड नाही. अशा वेळी इनव्होक-जीएचरेस्टमेथड हा मागचा दरवाजा, गिटहबच्या एपीआयचा कुठलाही पत्ता -यूआरआयफ्रॅगमेंटला द्या आणि -मेथड डिलीट, गेट, पुट जे हवं ते. कोलॅबोरेटर काढायला पत्ता असा: रेपोज, मालक, रेपो, कोलॅबोरेटर्स, लॉगिन, मध्ये तिरप्या रेघा. या दरवाजातून जाताना व्हॉटइफवर विसंबू नका, स्वतःच आधी लॉगिन छापून 'काढू का' असं रीड-होस्टने विचारा. याच दरवाजातून टू-फॅक्टर न लावलेले मेंबरही सापडतात, ऑर्ग्सच्या मेंबर्स पत्त्याला फिल्टर २एफए_डिसेबल्ड लावून, पण त्यासाठी तुम्ही ओनर असायला हवं. यादी लांब असेल तर नावात मल्टिपलरिझल्ट असलेली जोडकमांड वापरा, ती सगळी पानं आणते.

आणि जुन्या बंद रेपो सेट-गिटहबरिपॉझिटरी -आर्काइव्ह्डने आर्काइव्ह करता येतात, मात्र परत उघडायच्या असतील तर वेबपानावर जाऊन उघडा.

ट्रॅफिक

छोटीशी पण कामाची गोष्ट: रेपो किती जणांनी बघितली, किती वेळा क्लोन झाली हे गिटहब फक्त मागच्या १४ दिवसांचं ठेवतो. गेट-गिटहबव्ह्यूट्रॅफिक आणि गेट-गिटहबक्लोनट्रॅफिक दर आठवड्याला चालवून सीएसव्हीत जोडत गेलात तरच वर्षाचा आलेख निघेल. तारीख हीच किल्ली धरा, दोन आठवड्यांचे दिवस एकमेकांवर येतातच, शेवटची नोंद ठेवा. फाइन-ग्रेन्ड टोकनला यासाठी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन रीड लागतं.

आपोआप चालवणे

दोन वाटा. विंडोजचा टास्क शेड्यूलर, किंवा ठरलेल्या वेळी गिटहबच्याच मशीनवर काम चालवणारं गिटहब अ‍ॅक्शन्स.

शेड्यूलरमध्ये प्रोग्राम पीडब्ल्यूएसएच, मागे -नोप्रोफाइल -फाइल आणि स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता. टास्क त्याच यूजरच्या नावे चालवा ज्याने टोकन सेव्ह केलं, सिस्टम खात्यावर चालवला तर टोकन उघडणारच नाही आणि मग एरर बघत बसाल. वेळ चुकली तर जमेल तितक्या लवकर चालव, ही खूणही लावा, लॅपटॉप सकाळी बंद असतोच कधी कधी.

अ‍ॅक्शन्समध्ये गिटहबच्या मशीनवर पॉवरशेल आधीच असतं, मॉड्यूल मात्र दर वेळी इन्स्टॉल करावं लागतं, तिथे -रिक्वायर्डव्हर्जन देऊन तुम्ही तपासलेलीच आवृत्ती मागा. वेळ यूटीसीत लिहायची: आपल्या सकाळी ९ साठी ३:३०. तासाच्या ठोक्याला गर्दी असते आणि काम उशिरा सुरू होतं, म्हणून ३:३७ वगैरे आडवळणाचं मिनिट घ्या, पोहे-जिलेबी होईस्तोवर यादी तयार. सार्वजनिक रेपोत ६० दिवस काहीच हालचाल नसेल तर वेळापत्रक गिटहब स्वतः बंद करतो. अ‍ॅक्शन्सला जे आयतं टोकन मिळतं ते त्या एकाच रेपोपुरतं असतं आणि त्याला रेपोमागे तासाला १००० विनंत्या. सगळ्या ऑर्गनायझेशनचं वाचायचं असेल तर आपलं वाचणारं टोकन सीक्रेट म्हणून द्या. वर्कफ्लोच्या परमिशन्समध्ये फक्त लागेल तेवढंच लिहा. आयत्या टोकनने टाकलेल्या इश्यूमुळे दुसरा वर्कफ्लो सुरू होत नाही, हेही ध्यानात असू द्या, नाहीतर 'लेबल लावणारा वर्कफ्लो का उठला नाही' यात संध्याकाळ जाते.

एरर आल्या की

४०१ म्हणजे टोकन चुकीचं किंवा मुदत संपली. ४०३ म्हणजे परवानगी नाही किंवा मर्यादा ओलांडली, रेटलिमिट बघा. ४०४ हा सगळ्यात फसवा, रेपो आहे हे तुम्हाला डोळ्यांनी दिसतंय आणि गिटहब म्हणतोय नाही. खाजगी रेपोवर टोकनला हक्क नसेल तर गिटहब 'परवानगी नाही' म्हणत नाही, 'सापडली नाही' म्हणतो, म्हणजे बाहेरच्याला रेपो आहे हेही कळू नये. नाव बरोबर असेल तर टोकनच्या रेपो-यादीत ती घातलीय का ते तपासा. ४२२ म्हणजे पाठवलेली माहिती चुकली, उदाहरणार्थ त्याच नावाचं लेबल आधीच आहे.

लूपमध्ये प्रत्येक कामाभोवती ट्राय-कॅच घाला, कॅचमध्ये ओळीचा नंबर आणि एररचा मजकूर वेगळ्या फाइलमध्ये लिहा आणि पुढे जा. फक्त ४०१ आणि ४०३ ला लूप तिथेच तोडा, कारण पुढच्या सगळ्या ओळीही त्याच कारणाने पडणार आणि आपटत राहिलात तर गिटहब आणखी वेळ अडवून ठेवतो. नुसतं ४०३ बघून टोकन बदलत सुटू नका, आधी लॉग फाइल उघडा, गिटहबचा पूर्ण निरोप तिथे असतो, कुठली परवानगी हवी किंवा किती वेळ थांबायचं हे बहुतेकदा त्यातच लिहिलेलं सापडतं.

मॉड्यूल अपडेट करताना वाचणारी स्क्रिप्ट नव्या आवृत्तीवर आधी चालवा, मधल्या आवृत्त्यांमध्ये काही कमांडांची नावं बदललेली आहेत. लिहिणारी जुन्या आवृत्तीवरच राहू द्या, दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी राहू शकतात, इम्पोर्ट-मॉड्यूलला -रिक्वायर्डव्हर्जन देऊन हवी ती घ्यायची. कुणी टीम सोडून गेलं आणि वेळापत्रक त्याच्या लॅपटॉपवर असेल, तर त्याच्याकडून क्लिअर-गिटहबऑथेंटिकेशन करून घ्या आणि गिटहबच्या पानावर ते टोकन रद्दही करायला लावा, नुसत्या पहिल्या कमांडने टोकन त्या मशीनवरून जातं, गिटहबवर जिवंतच राहतं.